ऊन आपलं, प्लेटा कुणाच्या?

थंडीच्या रात्री लाईन येणार म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात जायचं. साप-विंचू, रानडुक्कर, ताडोबाच्या आसपास तर वाघ. विदर्भात ज्यांच्याकडं ओलीत आहे, त्या कास्तकारांच्या पिढ्या अशाच निघाल्या, कारण शेतीच्या फीडरला काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी पाळीपाळीनं वीज मिळते. म्हणून दिवसा चालणारा सौर पंप आला तेव्हा लोकांनी तो मनापासून मागितला. २०२४ मध्ये राज्य सरकारनं 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आणली. किमतीचे दहा टक्के कास्तकारानं भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच एचपी, त्याच्या वर साडेसात. आता तुरीच्या, पऱ्हाटीच्या वावरात उन्हाकडं तोंड करून उभ्या असलेल्या प्लेटा जिकडंतिकडं दिसतात.

गावात यावर बोलणं निघालं की दोन प्रश्न येतात. पंप कधी लागणार आणि ढगाळ दिवशी पाणी किती फेकणार. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. पण या प्लेटा आपल्या धुऱ्यापर्यंत येण्याआधी बीजिंग, वॉशिंग्टन, जिनिव्हा आणि दिल्लीत त्यांच्याबद्दल बरेच निर्णय झालेले असतात. आणि त्याच खेळातले काही निर्णय आपल्या कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावापर्यंत येऊन पोचतात. हे सगळं एकमेकांत कसं गुंतलंय ते आपल्या लोकांना आपल्याच भाषेत कळलं पाहिजे, म्हणून हा लेख.

आधी मुळातली गोष्ट. कोळसा, तेल आणि गॅस जाळला की कार्बन डायऑक्साईड हवेत जातो, तिथं साचतो आणि पृथ्वी तापते. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोला ही नावं मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत असतात, त्यामुळे उष्णता म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जग हळूहळू या इंधनांकडून सूर्य, वारा, पाणी आणि बॅटरीकडं सरकतंय. यालाच ऊर्जा संक्रमण म्हणतात.

आता यात राजकारण कुठून आलं? तेल जमिनीखाली असतं आणि ते मोजक्या देशांकडं आहे. म्हणून कित्येक दशकं आखाती देशांभोवती जगाचं राजकारण फिरलं. ऊन आणि वारा तर सगळ्यांनाच मिळतो, विदर्भाला तर भरपूर. मग भांडण संपायला हवं होतं. ते संपलं नाही, कारण ऊन फुकट असलं तरी उन्हाची वीज करणारं सामान फुकट नाही. ते सामान कोण बनवतं, त्यातली खनिजं कोण शुद्ध करतं, त्याला कर्ज कोण देतं आणि ते कुणाच्या जमिनीवर उभं राहतं, या प्रश्नांवर आता ताकद ठरते.

प्लेट कुठून येते

सौर प्लेटेचा जीव म्हणजे सिलिकॉन. गारगोटीतून सिलिकॉन काढायचं, भट्टीत अतिशुद्ध करायचं, त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या कापायच्या (त्यांना वेफर म्हणतात), वेफरचे सेल करायचे आणि सेल काचेत बसवून प्लेट तयार करायची. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं २०२२ मध्ये या साखळीचा अभ्यास छापला. त्यात दिसलं की प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. वेफर तर जवळजवळ सगळे तिथंच कापले जातात. तेलाच्या बाबतीत इतकी पकड आज कुठल्याही एका देशाची नाही.

हे आपोआप झालं नाही. २००० साली जर्मनीनं कायदा केला की सौर वीज ठरलेल्या चढ्या दरानं वीस वर्षं विकत घेऊ. त्यामुळे प्लेटांना गिऱ्हाईक तयार झालं. त्या मागणीवर चीननं कारखाने उभे केले. सरकारी बँकांचं कर्ज, स्वस्त जमीन आणि कोळशावरची स्वस्त वीज असं सगळं पाठबळ दिलं. २०१० ते २०२० या दहा वर्षांत प्लेटांची किंमत ९० टक्क्यांच्या आसपास उतरली. जर्मन ग्राहकानं वीजबिलातून पैसे मोजले आणि चिनी कारखान्यानं माल स्वस्त केला, म्हणून आज सरकारला आपल्या वावरात पंप देणं परवडतंय. हे मान्य केलं पाहिजे. चीनच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे, पण त्यांनी वीस वर्षं एका धोरणाला धरून काम केलं.

भारतानंही प्रयत्न केला होता. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं तेव्हा काही प्रकल्पांत देशी सेल-प्लेटा वापरण्याची अट होती. २०१३ मध्ये अमेरिका ही तक्रार घेऊन जिनिव्हाच्या जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि २०१६ मध्ये भारत तो खटला हरला. पुढं २०२२ मध्ये अमेरिकेनं स्वतःच मोठा कायदा केला आणि अमेरिकेत बनलेलं सामान वापरणाऱ्या प्रकल्पांना जास्तीची करसवलत दिली. तिथलं सरकार बदलल्यावर २०२५च्या जुलैमध्ये त्यातल्या बऱ्याच सवलती पुन्हा कापल्या. मला या गोष्टीची मनापासून चीड येते. गरीब देशानं आपला कारखाना उभा करायचा म्हटलं की नियम आडवा येतो आणि श्रीमंत देशाला तेच करायचं असलं की नियम बाजूला ठेवला जातो.

एप्रिल २०२२ पासून भारतानं परदेशी प्लेटांवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के आयात शुल्क लावलं. अनुदानाच्या पंपांसाठी देशी सेल, देशी प्लेट अशी अट आहे. त्यामुळे आपल्या वावरातल्या प्लेटेवर भारतीय कंपनीचं नाव असतं. ती देशातल्याच कारखान्यात तयार झालेली असते, पण आतल्या सेलचा वेफर बहुतेक वेळा चीनमधून आलेला असतो. देशी माल महाग पडतो आणि तो फरक अनुदानातून, म्हणजे सगळ्यांच्या करातून भरला जातो. मला हा खर्च योग्य वाटतो. मात्र वेफर आणि शुद्ध सिलिकॉन आपल्याकडं होईपर्यंत हे काम अर्धंच आहे.

मोटारीतला चुंबक आणि भंडाऱ्याची खाण

काही सौर पंपांच्या मोटारीत कायमचा चुंबक असतो. इलेक्ट्रिक गाडीच्या मोटारीत आणि बऱ्याच पवनचक्क्यांतही तो असतो. तो निओडिमियमसारख्या दुर्मीळ मृदा धातूंपासून होतो. नाव दुर्मीळ असलं तरी हे धातू बऱ्याच देशांच्या जमिनीत आहेत. अवघड काम आहे ते शुद्ध करण्याचं. ते घाणेरडं आहे, खूप रसायनं लागतात, आणि जगातलं सुमारे ९० टक्के शुद्धीकरण चीनमध्ये होतं. ४ एप्रिल २०२५ रोजी, अमेरिकेनं आयात शुल्क वाढवल्यावर दोनच दिवसांनी, चीननं अशा सात धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. पुढच्या काही आठवड्यांत भारतातल्या मोटार कंपन्याही चुंबक कुठून आणायचे या चिंतेत पडल्या. २०१० मध्ये चीनशी झालेल्या बेटांच्या वादात जपानला असाच फटका बसला होता. पूर्वी तेलाचा नळ बंद करण्याची धमकी असायची, आता चुंबकाचा परवाना अडवला जातो.

बॅटरीतल्या खनिजांचीही तीच कथा. जगातला सुमारे ७० टक्के कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगोमध्ये निघतो, आणि खाणीतल्या माणसांचे हाल सगळ्या जगाला माहीत आहेत. तो शुद्ध होतो मुख्यतः चीनमध्ये. लिथियम ऑस्ट्रेलिया आणि चिलीत निघतं, त्याच्या शुद्धीकरणाचा मोठा भागही चीनकडंच आहे.

विदर्भाच्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा इंग्रजांची नजर वऱ्हाडाच्या कापसावर पडली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली, १८७० मध्ये खामगावला फाटा आला. कापूस इथं पिकला, गाठी मुंबईच्या बंदरातून गेल्या, कापड तिकडं विणलं गेलं आणि नफाही तिकडंच राहिला. काँगोच्या कोबाल्टचं आज तेच होतंय.

इंडोनेशियानं वेगळा रस्ता धरला. जगातलं अर्ध्याहून अधिक निकेल त्यांच्याकडं निघतं. जानेवारी २०२० पासून त्यांनी कच्च्या निकेलची निर्यातच बंद केली. निकेल पाहिजे तर आमच्याकडं कारखाना टाका, असं सांगितलं. कारखाने आले, बहुतेक चिनी पैशानं. जंगल आणि समुद्राची नासाडीही झाली. फायदा-तोटा दोन्ही आहे, पण कच्चा माल विकणाऱ्या प्रदेशाला अट घालता येते हे त्यांनी दाखवून दिलं.

आपल्याकडं भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण आहे. 'मॉईल' ही सरकारी कंपनी ती चालवते, तिचं मुख्यालय नागपुरात. या खाणीतलं मँगनीज डायऑक्साईड कोरड्या बॅटरीच्या कारखान्यांना जातं. मँगनीज इलेक्ट्रिक गाडीच्या काही प्रकारच्या बॅटऱ्यांतही लागतं. म्हणजे या नव्या जगाला लागणारी वस्तू भंडारा, नागपूर आणि शेजारच्या बालाघाटच्या जमिनीत आहे. दगड इथून जावा की बॅटरीचा माल इथं तयार व्हावा, हा प्रश्न आपल्या आमदार-खासदारांना विचारण्याजोगा आहे. केंद्रानं २०२५च्या जानेवारीत राष्ट्रीय अतिमहत्त्वाची खनिजे अभियान मंजूर केलं, २०२४ मध्ये 'काबिल' या सरकारी कंपनीनं अर्जेंटिनात लिथियमचे पाच पट्टे घेतले. दिल्लीत हालचाल आहे. तिच्यात विदर्भाचं नाव यावं यासाठी इथून आवाज जायला हवा.

रात्रीचं काय

सौर पंपाला बॅटरी नसते. सूर्य मावळला की पंप थांबतो. पंपाला ते चालतं, पण घराला, दवाखान्याला, मुंबईच्या लोकलला चालत नाही. संध्याकाळी सात-आठला विजेची मागणी चढते तेव्हा सौर वीज शून्यावर असते. त्या वेळी देश मुख्यतः कोळशावर चालतो.

इथं वर्तमानपत्रात एक आकडा येतो, तो नीट समजून घ्यायला हवा. २०२५च्या जूनमध्ये देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-गॅस वगळून इतर स्रोतांची झाली, ठरवलेल्या वर्षाच्या पाच वर्षं आधी. बातमी खरी आणि अभिमानाची आहे. पण क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण १५-१६ लाख युनिट देतो, कारण रात्र असते, पाऊस असतो. एक मेगावॉट कोळशाचा संच नीट चालला तर वर्षाला ६० लाख युनिटच्या आसपास देतो. त्यामुळे देशात वापरल्या जाणाऱ्या विजेतला ७० टक्क्यांहून अधिक भाग आजही कोळशाचा आहे. हा फरक बॅटऱ्यांनी भरायचा, तर पुन्हा लिथियम आणि पुन्हा चीन.

आणि कोळसा म्हटला की आपण आलो. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचं. कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा, पारस ही सगळी विदर्भातली. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या खाणी वणी, घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, उमरेडला. चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एक खास वीजवाहिनी आहे, १९९९ पासून सुरू असलेली, १५०० मेगावॉट वाहून नेणारी. मुंबईच्या बाजूला वीज पोचवणं हेच तिचं काम. धूर, राख आणि खाणीचे खड्डे चंद्रपुरात राहिले. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी केली, त्यात चंद्रपूर वरच्या नंबरांत होतं.

आता जग म्हणतंय कोळसा कमी करा. ज्यानं तीस-चाळीस वर्षं राख खाल्ली, त्याला यातून काय मिळणार?

पैसे कुणी द्यायचे

हवामानाच्या जागतिक बैठकांतलं मुख्य भांडण हेच आहे. औद्योगिक क्रांतीपासून आजवर हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साईडमधला साधारण चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. आज एक अमेरिकन माणूस वर्षाला सुमारे १४ टन सोडतो, चिनी माणूस आठ टनांच्या वर, भारतीय माणूस दोन टनांच्या आसपास. १९९२च्या रिओ परिषदेत सगळ्यांनी मान्य केलं होतं की जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी कबूल केलं की २०२० पासून वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ. तो आकडा गाठायला २०२२ उजाडलं आणि त्यातही मोठा भाग कर्जाचा होता. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये अझरबैजानच्या बाकू शहरात नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर. विकसनशील देश १,३०० अब्ज मागत होते. भारताच्या प्रतिनिधीनं भर सभेत ३०० अब्जांच्या आकड्याला कडक विरोध नोंदवला. दोन महिन्यांनी, २०२५च्या जानेवारीत, अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी हवामानाच्या पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचा आदेश काढला.

भारतानं २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पाच शब्द दिले, त्यातले दोन मोठे. २०३० पर्यंत कोळसा-तेल-गॅस सोडून इतर स्रोतांची ५०० गिगावॉट क्षमता आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेणं. त्याच बैठकीत शेवटच्या क्षणी भारताच्या आग्रहावरून कोळसा 'संपवणे'च्या जागी 'कमी करणे' असं लिहिलं गेलं. युरोपात त्यावर टीका झाली. मी त्या वेळी भारताच्या बाजूनं होतो आणि आजही आहे. पण दिल्ली जे जगाला सांगते, तेच चंद्रपूरनं मुंबई आणि दिल्लीला सांगितलं पाहिजे असंही मला वाटतं. ज्यानं फायदा घेतला त्यानं खर्च उचलावा, हे तत्त्व देशाच्या आतही लागू आहे.

दक्षिण आफ्रिकेत म्पुमालांगा नावाचा प्रांत आहे, तिथला चंद्रपूरच म्हणा. तिथलं कोमाटी औष्णिक केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद केलं. जागतिक बँकेनं त्यासाठी पैसा दिला. सौर प्रकल्प, बॅटऱ्या, प्रशिक्षण केंद्र असा आराखडा होता. केंद्र ठरल्या दिवशी बंद झालं, नवीन कामं मात्र त्या वेगानं आली नाहीत. चहाची टपरी, खानावळ, भाड्याच्या खोल्या, कंत्राटी मजूर यांचे हाल झाले. जर्मनीत रुर खोऱ्यात हेच काम जवळपास साठ वर्षं सावकाश केलं गेलं. शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. लिग्नाईटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या भागांसाठी जर्मनीनं २०२० मध्ये कायदा करून ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूद केली.

आपल्याकडं पैसा नव्हताच असं नाही. २०१० मध्ये केंद्रानं कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लावला, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून. तो वाढत २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांच्या जीएसटी भरपाईकडं वळवला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकर रद्द झाला आणि कोळशावरचा जीएसटी पाचवरून अठरा टक्के झाला. घुग्घुसच्या, वणीच्या टनामागून जमा झालेल्या त्या रकमेतून घुग्घुस-वणीच्या पुढच्या पिढीसाठी वेगळी पेटी ठेवता आली असती. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे, २०१५च्या कायद्यानं आलेला. तो खाणबाधित गावांवरच खर्च व्हायला हवा. ग्रामसभेनं त्याचा हिशेब मागावा.

कोळसा उद्या बंद होत नाही. कोराडीत तर ६६० मेगावॉटचे दोन नवे संच प्रस्तावित आहेत. पण जुने संच एकेक करून निवृत्त होतात, खाणी संपतात. आणि कंत्राटावर काम करणाऱ्या पोराला कुणी बारा वर्षं आधी सांगत नाही की तुझी खाण या साली संपणार आहे.

तेलाचा दंड कापसाला

हा भाग मला सर्वांत जास्त लागतो, कारण इथं जागतिक राजकारण थेट आपल्या बाजार समितीत येऊन उभं राहतं.

२०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला. युरोपनं रशियाचं तेल कमी केलं आणि ते स्वस्तात भारताला मिळू लागलं. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो, त्यामुळे घेतलं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं याच कारणासाठी भारताच्या मालावर २५ टक्के जास्तीचं शुल्क लावलं. आधीचे २५ धरून ते २७ ऑगस्टपासून ५० टक्के झालं. अमेरिकेला कपडे विकणाऱ्या, तमिळनाडूतल्या तिरुपूरसारख्या गावांवर कुऱ्हाड कोसळली. कापड उद्योगाला दिलासा म्हणून केंद्रानं १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं, आधी सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे पऱ्हाटीची बोंडं फुटून वेचणी सुरू होणार, नेमक्या त्याच महिन्यांत परदेशी कापूस बिनशुल्क आत आला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामाला क्विंटलला ८,११० रुपये होता. खासगी बाजारात तो मिळवण्यासाठी काय झगडावं लागलं ते यवतमाळ-वर्ध्याच्या कास्तकाराला विचारा. तेल रशियाचं, दंड अमेरिकेचा आणि भरणारा वणी-पांढरकवड्याचा कापूस उत्पादक.

सोयाबीनचंही असंच. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठलं. तेलाची आयात कमी करणं हे चांगलं ध्येय आहे आणि मका पिकवणाऱ्याला त्यातून भाव मिळाला. पण मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर मागं प्रथिनांचा चोथा राहतो, व्यापारी त्याला डीडीजीएस म्हणतात. तो कोंबड्यांच्या खाद्यात जातो. त्याच खाद्यात सोयाबीनची ढेप जायची. स्वस्त चोथा आला की ढेपेची मागणी पडते, ढेप पडली की सोयाबीन पडतं. २०२४च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात सोयाबीन त्याच्या बऱ्याच खाली विकलं गेलं. त्याला एकच कारण नाही, खाद्यतेलाची आयात आणि जागतिक भाव हीदेखील आहेत. पण स्वच्छ इंधनाच्या धोरणानं कुठल्या पिकाला काय होईल याचा विचार धोरण करतानाच व्हायला हवा होता.

गडचिरोलीकडंही एक नजर टाकू. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या लोहखनिजावर तिथं पोलादाचा मोठा उद्योग उभा राहतोय. युरोपीय संघानं जानेवारी २०२६ पासून पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खत अशा मालावर सीमेवर कार्बन कर लागू केलाय. भारतात एक टन पोलाद करताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साईड निघतो, म्हणून आपला माल तिथं महाग होणार. भारत म्हणतो हा हवामानाच्या नावाखाली व्यापाराचा अडथळा आहे, आणि त्यात तथ्य आहे. तरीही गडचिरोलीत आज उभा राहणारा कारखाना चाळीस वर्षं चालणार असेल, तर तो जुन्या पद्धतीनं उभारायचा की पुढचा विचार करून, हे आताच ठरतंय. जंगल आणि माडिया लोकांची गावं त्यासाठी किंमत मोजतच आहेत.

जमीन

शेवटी सगळं जमिनीवर येतं. राज्याची सौर कृषी वाहिनी योजना, दुसरा टप्पा २०२३चा. शेतीचे फीडर सौर विजेवर आणायचे, लक्ष्य १६,००० मेगावॉट. सबस्टेशनजवळची जमीन भाड्यानं घ्यायची, हेक्टरला वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. एकरी साधारण पन्नास हजार पडतात. कोरडवाहू वावराच्या ठोक्यापेक्षा हे कितीतरी जास्त आहे, आणि पाऊस पडो न पडो पैसे येतात. ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, म्हणून सरकारलाही ती परवडते. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून दिलेली मोफत वीज टिकवायची तर हाच रस्ता आहे. मला ही योजना चांगली वाटते. दिवसाची लाईन मिळाली तर रात्रीची जागल संपेल, यासाठीच ती यशस्वी झाली पाहिजे.

पण जमीन ज्याच्या नावावर, भाडं त्याला. सातबारा नसलेल्या मजुराला त्या वावरात निंदण-वेचणीचं काम मिळायचं, तेही जातं. सरकारी जमीन असेल तर प्रकल्पाला ती नाममात्र भाड्यानं मिळते, आणि विदर्भातली सरकारी जमीन म्हणजे बऱ्याच ठिकाणी ई-क्लास, गावाची चराई. तिथं कुणाची गुरं, कुणाच्या शेळ्या, कुठं भूमिहीनांनी कसलेलं अतिक्रमण. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख असे तीन वर्षं मिळतात, एकूण पंधरा लाख. वीजखरेदीचा करार मात्र पंचवीस वर्षांचा असतो.

म्हणून गावात असा प्रस्ताव आला तर ग्रामसभेच्या ठरावात काही गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात. चराईसाठी पर्यायी जागा कोणती, गट नंबरासह. प्लेटा धुण्याचं, गवत काढण्याचं, राखणदारीचं काम गावातल्या भूमिहीनांना आणि बचत गटाला. कुंपणातून गुरांना पाण्याकडं जाणारी वाट सोडलेली. तीन वर्षांनंतर गावाला काय, याचं लेखी उत्तर. आणि करार संपल्यावर प्लेटा कोण उचलणार तेही. २०२२च्या ई-कचरा नियमांत सौर प्लेटांचा समावेश आहे आणि जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, ते कलम ठरावात नमूद करून घ्यावं, म्हणजे २०५० मध्ये सरपंच कुणीही असला तरी कागद गावाकडं असेल.